श्रीनिवासरावांनी न घेतलेलं माप

कसबा पेठेत श्रीनिवास खरवंडीकरांना फसवणं अवघड आहे, कारण त्यांच्या खिशात कायम मोजपट्टी असते. सुतार म्हणाला, "काका, फळी तीन फूट आहे," की हे पट्टी लावून शांतपणे सांगतात, "दोन फूट अकरा." भिंतीवर कॅलेंडर टांगायचं झालं तरी आधी पाणसळ लावतात. एका कारखान्याच्या टूलरूममध्ये छत्तीस वर्षं काढली, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण डोळ्यातला काटकोन काही गेला नाही. आनंदीबाई म्हणतात, "आमच्या लग्नात पत्रिका पाहिली नाही तेच बरं. यांनी दोन ग्रहांमधलं अंतर पुन्हा मोजून मागितलं असतं."

आनंदीबाई म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. उंची चार फूट दहा, आणि ती उणीव जिभेनं भरून काढलेली. श्रीनिवासराव मात्र सहा फुटांना पाऊण इंच कमी. हे पाऊण इंचही त्यांनीच मोजलेलं, पण ते कॉलेजात असताना. त्यानंतर स्वतःला मोजायची वेळ आली नव्हती.

या दोघांच्या संसारात तिसरं माणूस म्हणावं अशी एक गाडी होती. अठ्ठ्याण्णव सालची आकाशी मारुती एट हंड्रेड. मुलगा सलिल हिच्यातूनच शाळेत गेला, हिच्यातूनच कॉलेजात गेला, हिंजवडीत नोकरीला लागला आणि मग हिला नावं ठेवायला लागला. मुलांचं असंच असतं.

गाडी घेतली त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात आनंदीबाई गाडी चालवायला शिकल्या होत्या. लायसन्स पहिल्या फटक्यात मिळालं. पण घरच्या गाडीत बसलं की समोर दिसायचं ते स्टिअरिंग. बुडाखाली दोन उशा घ्याव्यात, तर ब्रेक मारला की उशी निसटायची आणि बाई खाली जायच्या. एकदा फाटकाच्या खांबाला गाडी घासली. बोटभर ओरखडा. श्रीनिवासरावांनी तो मोजला, आणि अंगणात उभ्या असलेल्या तीनचार शेजाऱ्यांसमोर म्हणाले, "तुझं नाक स्टिअरिंगच्या वर आलं, की किल्ली माग."

सगळे हसले. श्रीनिवासरावही हसले आणि विसरून गेले. बोलणारा विसरतोच. आनंदीबाईंनी किल्ली खुंटीला अडकवली, ती पुन्हा कधी मागितली नाही. लायसन्स मात्र मुदत संपली की न चुकता नवं करून आणायच्या. गेल्याच महिन्यात आणलं होतं. "कशाला ही यातायात?" असं यांनी विचारलं, की उत्तर ठरलेलं, "पत्त्याचा पुरावा लागतो." घरात पत्त्याचे पुरावे सहा होते, पण हे काही त्यांनी मोजलं नाही.

तर गेल्या दिवाळीपासून आनंदीबाईंनी गाडीत बसणं सोडलं. कंबरेचं दुखणं. डॉक्टरांनी सांगितलं, खोलगट आसनावर बसायचं नाही. आणि गाडीची डावी सीट म्हणजे पंचवीस वर्षांत आनंदीबाईंच्याच मापाचा खड्डा झाली होती. तेव्हापासून नवराबायको एकाच लग्नाला दोन वाहनांनी जायला लागले. त्या कॅबनं, हे गाडीनं. पोचायच्या त्याच आधी, कारण यांना पार्किंग शोधायचं असायचं. हे हॉलमध्ये शिरेपर्यंत त्यांची एक पंगत उठलेली असायची.

लोकांना गंमत वाटे. श्रीनिवासरावांना वाटत नसे. शेजारची सीट रिकामी असली की त्यांना गाडी चालवण्यात राम वाटेना. "डावीकडून रिक्षा येतेय," "अहो, सिग्नल पिवळा झालाय," ही बडबड ऐकून ते पंचवीस वर्षं वैतागले होते. आता ती नसल्यावर ते पिवळ्या सिग्नलला स्वतःशीच पुटपुटायचे.

एका रविवारी सलिल जेवायला आला आणि म्हणाला, "बाबा, सीरियसली, स्क्रॅप करून टाका ना. आई बसत नाही, तुम्ही एकटेच फिरवता. काय पॉइंट आहे?"

श्रीनिवासराव भात कालवता कालवता थांबले. "पुढच्या महिन्यात विजयमालाबाईंची पंच्याहत्तरी आहे, लोणी काळभोरला," ते म्हणाले. विजयमालाबाई म्हणजे आनंदीबाईंच्या जुन्या मुख्याध्यापिका. "त्या दिवशी तुझी आई माझ्याबरोबर या गाडीतून लोणीला गेली नाही, तर दुसऱ्या दिवशी सोमवार आहे. ये आणि गाडी घेऊन जा. चकार शब्द काढणार नाही."

"हात दाखवून अवलक्षण," असं म्हणून आनंदीबाई ताक आणायला आत गेल्या.

श्रीनिवासरावांनी दुसऱ्या दिवसापासून काम हाती घेतलं. आधी आनंदीबाईंना जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसवलं. गुडघ्यापासून टाचेपर्यंत किती, कंबरेपासून मानेपर्यंत किती, न वाकता बसायचं तर आसन जमिनीपासून किती हवं, सगळं कॅलेंडरच्या पाठीमागे उतरवलं. "शिंप्याकडे एवढा वेळ लागत नाही," आनंदीबाई म्हणाल्या. "आणि तो शेवटी ब्लाउज तरी देतो."

मग जुन्या बाजाराच्या पाच फेऱ्या झाल्या. पाचव्या फेरीत मनासारखा माल मिळाला. मागून ठोकर बसून मोडीत निघालेल्या एका नव्या मॉडेलच्या गाडीच्या पुढच्या दोन सीटा. राखाडी कापड, कंबरेला टेकू, डोक्याला उशी, आणि ड्रायव्हरच्या सीटला बाजूला एक दांडी. दांडी वरखाली हलवली की सीट चढते नाहीतर उतरते. सीटा टेंपोतून उतरल्या तेव्हा आनंदीबाईंनी गॅलरीतून पाहिलं आणि म्हणाल्या, "नाकापेक्षा मोती जड."

खालच्या पार्किंगमध्ये काम सुरू झालं. सोसायटीचे वॉचमन भीमराव खुर्ची ओढून बघायला बसले. जुन्या सीटचे चार बोल्ट असे गंजले होते की त्यांच्यावर दोन दिवस तेल सोडावं लागलं. चौथा तरीही सुटेना. श्रीनिवासरावांनी पान्याला हातभर पाइप लावून जोर दिला, तेव्हा तो किंचाळत निघाला. सीट उचलल्यावर तिच्याखाली सलिलची शाळेतली खोडरबरं, एक रुपयाची नाणी आणि हळदीकुंकवाची पुडी सापडली. ती पुडी आनंदीबाईंनी पदराला पुसून वर नेली.

पुढे घोडं अडलं. नव्या सीटचे पाय गाडीतल्या भोकांपेक्षा चाळीस मिलिमीटर रुंद. पण अशा अडचणीवरच श्रीनिवासराव जगत आले होते. त्यांनी आधी पुठ्ठ्याचा नमुना कापला, मग जाड लोखंडी पट्ट्या घेऊन गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये भोकं पाडून आणली. पट्ट्यांची उंची मुद्दाम अशी ठेवली की सीट जुनीपेक्षा साठ मिलिमीटर वर बसेल. आनंदीबाईंना वाकावं लागू नये. सीटबेल्टचं कुलूपही नव्यानं पक्कं केलं आणि भीमरावांना दोन्ही हातांनी ओढायला लावून तपासलं.

शनिवारी सकाळी डावी सीट बसली. आनंदीबाई खाली आल्या, बसल्या आणि घड्याळ लावून वीस मिनिटं बसून राहिल्या. श्रीनिवासराव बाहेर पाना हातात धरून उभे. दहावीच्या निकालालाही ते एवढे घाबरले नव्हते.

"बरी आहे," आनंदीबाई म्हणाल्या.

कसब्यात याच्या वरचा किताब नाही. श्रीनिवासरावांना इतका आनंद झाला की ते लगेच उजव्या सीटकडे वळले.

"अहो, ती कशाला काढताय? ती चांगली आहे की."

"जोडी फोडायची नसते," श्रीनिवासराव म्हणाले. तीच पट्टी, तेच साठ मिलिमीटर. दुपारी चारला दुसरी सीटही बसली. ग्रीस लागलेल्या कपड्यांनी नव्या कापडावर बसायचं नाही, ही टूलरूमची शिस्त. त्यांनी सीट नुसती हातानं हलवून पाहिली, पुसली आणि वर चादर घातली. जुन्या दोन्ही सीटा भिंतीला टेकवल्या होत्या. भीमराव म्हणाले, "साहेब, ही उजवी फेकून देनार का? माझ्या खुर्चीचा पाय मोडायला आलाय. मला चांगली हाय." सीट त्यांच्या केबिनमध्ये गेली.

रविवारी सकाळी साडेआठला श्रीनिवासराव पांढरा कुर्ता घालून खाली उतरले. मागून आनंदीबाई, पैठणी, हातात विजयमालाबाईंसाठी शाल. त्या डावीकडे बसल्या. श्रीनिवासरावांनी चादर काढली, दार उघडलं, ऐटीत बसले आणि त्यांचं डोकं ठाणकन छताला लागलं.

दांडी दाबून त्यांनी सीट होती तेवढी खाली घेतली. तरी टाळू छताला टेकलेलीच. पाठ मागे टाकली, तर हात स्टिअरिंगला पुरेनात. शेवटी मान डाव्या खांद्यावर झुकवून ते समोर पाहू लागले.

"लोणीपर्यंत असेच नम्र राहणार का?" आनंदीबाईंनी विचारलं.

सगळ्या जगाला पट्टी लावणारा माणूस स्वतःलाच लावायला विसरला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. श्रीनिवासराव खाली उतरले. चेहरा इतका उतरला होता की भीमरावांना राहवलं नाही. "साहेब, जीव बारीक करू नका. जुनी सीट हाय ना माझ्याकडं. चार बोल्ट तर हायेत. अर्ध्या तासात बसंल." आणि ते केबिनकडे पळाले.

खरंच की! श्रीनिवासरावांनी डिकीतून पाना काढला. "आनंदी, जरा इकडे येऊन बस आणि सीट पुढे ओढ. मागचे बोल्ट उघडे होतील. खालची दांडी, बाजूची नव्हे."

आनंदीबाई शाल ठेवून उजवीकडे आल्या, बसल्या, सीट पुढे ओढली. मागे वाकलेल्या श्रीनिवासरावांना आवाज आला, कट् कट् कट्.

"बाजूच्या दांडीला हात लावू नकोस म्हटलं ना."

 पुन्हा कट् कट्. मग सगळं शांत.

"आनंदी?"

ते गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि गाडीच्या पुढे आले. काचेतून त्यांना बायको दिसली. आधी या जागी तिचं कपाळ आणि कुंकू तेवढं दिसायचं. आता चष्मा दिसत होता, नाक दिसत होतं, हनुवटीसुद्धा. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि ती यांच्याकडे नव्हे, फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे बघत होती.

"अहो," त्या म्हणाल्या, "नाक वर आलंय. किल्ली द्या."

श्रीनिवासरावांना आधी कळलंच नाही. मग एकदम सगळं आठवलं. अंगण, ओरखडा, ते हसणारे शेजारी आणि सगळ्यात मोठ्यानं हसणारे ते स्वतः. त्यांना लाज वाटली. एवढ्या वर्षांत इतकी कधी वाटली नव्हती.

"पण तुला सवय..." ते कसंबसं म्हणाले.

"दर वेळी लायसन्स नवं केलं की ड्रायव्हिंग स्कूलमध्ये महिनाभर गाडी चालवते. त्यांची सीट वर होते. आत्ताही परवापर्यंत चालवत होते, हडपसरपर्यंत. तुम्ही सकाळी फिरायला गेलात की स्कूलवाले न्यायला येतात. भीमरावांना विचारा."

भीमराव तेवढ्यात जुनी सीट पोटाशी धरून आले होते. ते आभाळाकडे बघू लागले.

"साहेब, ही कुठं ठेवू?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

श्रीनिवासरावांनी सीटकडे पाहिलं. अर्ध्या तासाचं काम होतं. लोणीला वेळेत पोचले असते, बायको शेजारी बसली असती, पैज जिंकली असती. हवं होतं ते सगळं चार बोल्टांवर आलं होतं.

"जिथून आणलीत तिथेच ठेवा, भीमराव," ते म्हणाले. "बसायला चांगली आहे."

त्यांनी पाना डिकीत टाकला, कुर्त्याच्या खिशातून किल्ली काढून खिडकीतून आत दिली आणि वळसा घालून डावीकडे बसले. तिथेही डोकं लागलंच. पण इथे पाठ मागे टाकायला कुणाची हरकत नव्हती.

"शेषशायी," आनंदीबाईंनी एक नजर टाकून म्हटलं. "आता सलिलला कळवा, उद्या येऊ नको म्हणावं. मी या गाडीतून लोणीला चाललेय. तुम्हीही बरोबर आहात."

गाडी फाटकाशी आली. तोच खांब, डावीकडे. श्रीनिवासरावांचा हात आपोआप खिशातल्या पट्टीकडे गेला.

"चार इंच आहेत," आनंदीबाई म्हणाल्या. "मोजायला उतरलात तर परत घेणार नाही."

हात खिशातून बाहेर आला. गाडी खांबाला न घासता रस्त्याला लागली.  श्रीनिवासराव पडल्यापडल्या छताकडे बघत म्हणाले, "आनंदी, त्या वेळी मी जे बोललो ना, सगळ्यांसमोर..."

"लोणी लांब आहे," आनंदीबाई म्हणाल्या. "सावकाश सांगा. आत्ता माझं रस्त्यावर लक्ष आहे."