बेलापूरच्या काचेवरचा तारा

एक तारा किती सरकला हे मोजायला १९७२च्या मार्चमध्ये मी पुण्याहून नगरकडच्या बेलापूरला गेलो होतो. एसटीने, माझ्या मार्गदर्शक सरांबरोबर.

तेव्हा मी पीएचडी करत होतो. फार पूर्वी एका ताऱ्याचा स्फोट झाला. त्याचा धुरळा अजून पसरतोय आणि मधे उरलाय शहराएवढा, पण सूर्याहून जड न्यूट्रॉन तारा. तोही सरकतो. किती, हे कळायला जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवून मोजायचं. नवा आमच्याकडे होता. जुना, आमच्या सरांना कळलं, बेलापूरच्या मार्थाबाईंकडे होता. बाई निवृत्त शिक्षिका. तरुणपणी घरच्या दुर्बिणीतून त्यांनी त्या धुरळ्याचा फोटो काचेवर घेतला होता. सरांनी निघण्याआधीच शोधनिबंध नावासकट ठरवला. लेखकांत त्यांचं नाव पहिलं, माझं शेवटचं. लेखक दोनच होते.

जाणार असाल तर नगरला गाडी बदला. स्टँडवरची मिसळ सरांनी ‘अशास्त्रीय’ म्हणून नाकारली आणि माझ्यातली अर्धी खाल्ली. राहुरीपुढे उसाच्या बैलगाड्यांमागे आमची गाडी बैलांच्याच चालीने निघाली.

बाईंनी चहा दिला, मग काच. सरांनी भिंग लावलं आणि ते ओरडले, “सापडला!” दोन तास मोजलं. तारा इतका सरकला होता की सगळी पुस्तकं खोटी ठरत होती. सरांना त्यात वावगं वाटलं नाही.

“मी पत्रात कळवलं होतं, सर,” बाई म्हणाल्या. “माझ्या दुर्बिणीत धुरळ्याचा नुसता ढग येतो. मधला तारा लई मंद, तो येत न्हाई.”

“तुम्हाला ओळखता आला नसेल.”

बाईंनी काच उजेडात तिरपी धरली. “निगेटिव्हवर तारा काळा दिसतो, व्हय. पण बाकीचे तारे काचेच्या ह्या रसायनाच्या अंगाला आणि तुमचा एकटा त्या कोऱ्या अंगाला?” पदराचं टोक ओलं करून त्यांनी पुसलं. तारा गेला. “माशी बसली असंल.”

परतीच्या गाडीत सर म्हणाले, “मोजलं तेव्हा ठिपका होता ना? मग मोजमाप खरं. लिहा.”

“नाही लिहिणार,” मी म्हणालो. माझी शिष्यवृत्ती सरांच्या सहीवर चालायची. महिन्याभरात मला दुसरे मार्गदर्शक शोधावे लागले आणि पीएचडी लांबली.

पुढे एका वेधशाळेच्या जुन्या काचा मिळाल्या. त्यांवर तारा खरोखर होता. त्याचा वेग काढला, पदवी मिळाली आणि मोठ्या ऐटीत मी प्रबंधाची प्रत बाईंना पाठवली. आठवड्याने कार्ड आलं: “किती सरकला ते समजलं. कुठल्या दिशेला, ते राहिलंय.”

मी प्रबंध उघडला. खरंच राहिलं होतं. परीक्षकांनी तो एकमताने उत्कृष्ट ठरवला होता.