हरकत नसल्यास

जेवणं झाली आहेत. अच्युतराव सबनीस आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेत आणि एक पत्र मनातल्या मनात वाचतायत. पत्र समोर टेबलावर, संगणकाच्या पडद्यावर उघडं आहे. पण सकाळपासून इतक्यांदा वाचून झालंय की आता त्यासाठी डोळे उघडायला लागत नाहीत. लिहिणारी रुटा. राहते लिथुआनियात, वयानं नातीसारखी, लिहिते मात्र अदबीनं. "जुन्या कॉम्प्युटरांतल्या ग्राफिक्स कार्डांवर चित्र दाखवणारा प्रोग्रॅमचा हा भाग आता कोणी वापरत नाही. ज्यांनी तो लिहिला ते मगदूम हयात नाहीत. नवी आवृत्ती आज संध्याकाळी पक्की करायची आहे. कोणाची हरकत नसल्यास तो काढून टाकते."

हरकत नसल्यास. या दोन शब्दांनी अच्युतरावांचं जेवणातलं लक्ष गेलंय.

जगभर फुकट वाटल्या जाणाऱ्या एका व्हिडिओ प्लेअरचं हे काम. पाच-पंचवीस देशांतली माणसं आपापल्या घरी बसून ते करतात. पगार नाही, साहेब नाही. सिनेमा येतो घड्या घातलेल्या कापडासारखा; कोणी घड्या उलगडतं, कोणी आवाज वेगळा काढतं. सगळ्यात शेवटचं काम अच्युतरावांचं आणि जिनपाल मगदुमांचं: उलगडलेलं चित्र वेळेवर पडद्यावर ठेवायचं. अच्युतराव सांगलीत पॉलिटेक्निकमध्ये शिकवून निवृत्त झालेले, जिनपाल निपाणीला वीज मंडळातून. मधे एस.टी.चा रस्ता जेमतेम दोन तासांचा, पण इतक्या वर्षांत भेट म्हणून नाही. रोज पत्रं, अधूनमधून फोन. जिनपाल यायचा आग्रह करत, अच्युतराव "बघू, थंडीत" म्हणत. गेल्या वर्षी जिनपाल गेले, ते अच्युतरावांना कळलं तेव्हा दिवसकार्य सगळं उरकून गेलं होतं.

या मंडळींत मतदान नसतं. जे करायचं ते पत्रातून सगळ्यांना सांगायचं आणि ठरल्या वेळेपर्यंत थांबायचं. कोणी काही बोललं नाही, की सगळ्यांचा होकार धरायचा. बोलायला कोणाला बंदी नाही, पण त्याला एक शेपूट आहे: जो नको म्हणेल, त्यानं ते सांभाळायचं. आणि जिनपालांचं ते लिखाण सांभाळायचं, तर आधी कळायला हवं. अच्युतरावांना त्यातलं अर्धंसुद्धा कळलेलं नाही. जिनपाल समजावून सांगत, आणि हे "हं, बरोबर" असं लिहून मोकळे होत. पुस्तकं वाचलेला माणूस आहे; पण वाचणं वेगळं आणि कळणं वेगळं, हे त्याला स्वतःला पक्कं ठाऊक आहे.

वर पंखा किरकिरतोय. आत कुमुदताई भांडी आवरतायत. एक पातेलं खणखणतं. मग दुसरं. तिसऱ्या वेळी खणखणाट आधी होतो आणि पातेलं हातातून नंतर सुटतं. अच्युतराव भिंतीपलीकडे बसून ते पाहतात आणि त्यात काही वावगंही वाटत नाही. आवाज पुढे गेला, चित्र मागे राहिलं, एवढंच त्यांच्या मनात येतं, बघायला हवं. ते उठतात, चपला घालतात, दार ओढून घेतात, आणि निपाणीच्या एस.टी. स्टँडवर उभे असतात.

स्टँडवर गाडी एकही नाही. बाकं पॉलिटेक्निकच्या ग्रंथालयातली. भिंतीवर वेळापत्रकाची पाटी आहे, पण वाचायला जावं तर अक्षरं बाजूला सरकतात.

"आला म्हणायचं शेवटी, मास्तर!"

आवाज तोच. फोनवरचा, जरासा घोगरा, शेवटाला वर चढणारा. अच्युतराव वळतात. पांढरा सदरा, पायजमा, खांद्यावर टॉवेल. त्याच्यावर चेहरा असायचा तिथं एक हिरवागार चौकोन.

अच्युतराव मागे सरतात.

"भ्यालात काय?"

"नाही... म्हणजे... तुमचा चेहरा."

"बघितलाय कधी? मग भरणार कुठनं?" चौकोन हसतो. हसू ऐकू येतं, दिसत नाही. "मोकळ्या चौकटीत काही भरलं नाही तर ती काळी नसत्या, हिरवी दिसत्या. मीच सांगितलतं की तुम्हाला. तुम्ही काय लिहिलासा? हं, बरोबर."

"मी येणार होतो, जिनपाल. दोन-तीनदा तर पिशवीसुद्धा भरली होती."

"असू दे हो. तुमच्या वहिनीनं प्रत्येक वेळी पुरणाचे कडबू केले. मी खाल्ले. माझं काय नुकसान झालं त्यात?"

मेलेल्या माणसाशी काय बोलतात हे कुठं वाचल्याचं त्यांना आठवत नाही. शेवटी कामाचं बोलतात. "रुटाचं पत्र आलंय."

"चला, दाखवतो," जिनपाल म्हणतात.

चालायला एक पाऊल उचलतात तोच छप्पर खाली येतं आणि उजेड तपकिरी होतो. तंबाखूची वखार. नाकात खकाणा जातो. पोत्यांवर माणसं बसलीत, रांगांमागून रांगा, सगळी पाठमोरी. पलीकडच्या भिंतीवर चित्र चाललंय. कुणाच्या तरी घरातलं साधं चित्र: एक मूल सतरंजीवर रांगतंय, बाहेरून कोणी टाळ्या वाजवून त्याला बोलावतंय. माणसं मान न हलवता बघतायत.

"ही कोण?"

"बघणारी."

"किती आहेत?"

"मोजलंय कुणी?"

"रुटा म्हणते, आता कोणी वापरत नाही."

"तिचं काय चुकलं? तिनं विचारलं, ही गप्प बसली. चित्र दिसतंय तोवर कोण पत्र लिहितंय मास्तर? दिसतंय तोवर माणूस चित्र बघतंय, आपल्याला कशाला बघंल?" जिनपाल टॉवेलनं मान पुसतात. "ही गप्प. मी पण गप्प. मेलेला माणूस कुठनं हरकत घेणार? आणि तिसरे तुम्ही. झाला की एकमतानं ठराव!"

अच्युतरावांना हसू येत नाही. ज्यासाठी आले ते आता विचारून टाकावं असं त्यांना वाटतं.

"तुम्ही सांगा जिनपाल. काढू द्यावं की ठेवावं?"

"मला विचारतासा?"

"तुमचं लिखाण आहे. तुम्ही काढा म्हणालात तर काढू देतो. ठेवा म्हणालात तर..."

"तर?"

"तर बघतो."

"बघा! हितंबी तेच. जिनपाल म्हणाला, मास्तर म्हणाले हं, बरोबर. अहो, मी आता जे बोलतोय ते कुठनं येतंय? तुमच्याच टाळक्यातनं. माझं मत मी बरोबर घिऊन गेलो."

टोमणा वर्मी लागतो. अच्युतरावांना वाटतं, चेहरा असता तर निदान कळलं असतं, रागानं म्हणतोय की चेष्टेनं. हिरव्यातून काहीच कळत नाही.

ते पुन्हा विचारायला तोंड उघडतात, तर जिनपाल शेजारी नाहीत आणि ते स्वतः पडद्यामागे उभे आहेत. पायाखाली वर्गातलं लाकडी व्यासपीठ आहे. डावीकडून चित्रं येतायत, काचेसारखी पातळ, आतून उजळलेली, एकामागून एक. उचलायचं आणि पडद्याला लावायचं, एवढंच काम. अच्युतराव पहिलं उचलतात आणि नीट बघतात. मूल एक हात पुढे टाकतंय. बरोबर आहे ना हे? आधीचं कुठं होतं? ते लावतात तोवर दुसरं येऊन थडकतं, आणि पडद्यावर मूल कमरेत फाटतं. वरचं अर्धं पुढे रांगत गेलेलं, खालचं अर्धं सतरंजीवर मागेच.

"बघत बसू नका, लावा!" आवाज तेवढा येतो, कुठून ते दिसत नाही.

"पण हे बरोबर आहे की नाही, एकदा..."

"उशीर झाला त्याला. टाका ते."

"टाकू?"

"उशिरा आलेलं चित्र दाखवत नसतात, टाकतात. नियम तुमच्याच हातचा हाय."

अच्युतराव टाकतात. पुढचंही टाकावं लागतं. त्याच्या पुढचंही. पायाशी न दाखवलेल्या चित्रांचा ढीग होत जातो. एकात एस.टी.च्या खिडकीशी ते स्वतः बसलेत, मांडीवर भरलेली पिशवी, काचेबाहेर निपाणीची पाटी. एकात पंगत बसलीय आणि त्यांच्या नावाचं पान मांडलंय. आणखी एकात कुणाचा तरी चेहरा आहे, हिरवा नाही, भरलेला, कपाळावर आठ्यासुद्धा असाव्यात. अच्युतराव वाकून हात घालतात. पण तोवर त्याच्यावर दुसरी चित्रं पडलेली असतात, आणि हात जाईल तिथं नुसत्या थंड काचा लागतात.

ते मान वर करतात. पडदा तळापासून हिरवा होत चाललाय. सतरंजी गेली. मुलाचे गुडघे गेले. टाळ्या मात्र ऐकू येतायत, बोलावणारं माणूस अजून बोलावतंच आहे.

पोत्यांवरची माणसं उठू लागतात. कोणी ओरडत नाही, चिडत नाही. एक म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहते आणि शेजारणीला म्हणते, "म्हातारा झाला कॉम्प्युटर. आपल्यागतच. चल."

"आजी, कॉम्प्युटर चांगला आहे," अच्युतराव म्हणतात. "चूक आमची आहे." पण ओठ हलतात तेवढेच. म्हातारी चपला पायात सरकवते.

"जिनपाल, सांगा तिला!"

"माझा आवाज तिला कुठं ऐकू जातोय?" आता तो अगदी कानाशी आहे, आणि घोगरेपणा कमी झालाय. ऐकावं तर स्वतःच्याच आवाजासारखा. "चित्रं टाकायची असत्यात मास्तर. आवाज कधी टाकायचा नसतो. आवाज आपल्या चालीनं जातो, चित्रानं त्याच्या मागनं पळत यायचं. एवढं तरी कळलं होतं न्हवं?"

वखारीच्या दारात उजेड आहे. म्हातारी दारापर्यंत पोचलीय. तिच्यामागे सगळे, पाठीमागून पाठी, एकालाही चेहरा नाही. हिरवं पडद्यावरून उतरून जमिनीवर आलंय, पोती बुडवत येतंय, अच्युतरावांच्या पायांना लागतंय आणि पाय दिसेनासे होतायत. म्हातारी उंबऱ्यावर एक पाय ठेवते. अच्युतराव पोटातून, होतं नव्हतं तेवढं सगळं लावून ओरडतात.

"थांबा!"

"अहो! अहो, उठा बघू!"

कुमुदताई खांदा हलवतायत. पंखा फिरतोय. खिडकीतून ऊन टेबलावर आलंय.

"कुणाला थांबा म्हणताय? लग्न झाल्यापासून एवढ्या मोठ्यानं बोलला नाहीत कधी. जिन्यातून इस्त्रीवाला चालला होता, तो जागच्या जागी उभा राहिलाय, काय झालं साहेबांना म्हणून!"

दार उघडंच आहे. दारात खरोखरच इस्त्रीवाला उभा आहे, डोक्यावर कपड्यांचं गाठोडं, एक पाय खालच्या पायरीवर. अच्युतराव त्याला काही नाही, जा, असं सांगायला जातात. आवाज फुटत नाही. नुसती हवा येते, आणि घसा आतून खरवडल्यासारखा जळतो. ते हातानंच खूण करतात. इस्त्रीवाला संशयानं बघत खाली उतरतो.

"घसा बसवून घेतलात की हो," म्हणत कुमुदताई आत जातात आणि ज्येष्ठमधाची कांडी आणून त्यांच्या हातावर ठेवतात. "चघळा. आणि पडा अजून थोडं."

अच्युतराव पडत नाहीत. कांडी गालात धरून टेबलाशी जाऊन बसतात. रुटाचं पत्र उघडं आहे. खाली कोणाचंच उत्तर नाही. सगळे गप्प.

ते मनाशी स्वप्न पुन्हा चाळून बघतात. जिनपाल 'ठेवा' म्हणाले का? नाही म्हणाले. 'काढा' म्हणाले? तेही नाही. त्यांच्या नावावर ढकलावं असं एक वाक्यसुद्धा हाताला लागत नाही. आणि जे काय बोलले, ते तरी त्यांचं कशावरून? दुपारच्या जेवणाचं जड पोट आणि म्हाताऱ्या माणसाचं भित्रं मन, एवढ्यातूनही तेवढं निघू शकतं.

अच्युतराव लिहायला लागतात. पहिल्यांदा लिहितात, "कदाचित थोडा विचार करावा असं सुचवावंसं वाटतं." वाचतात. खोडतात. मग लिहितात:

"माझी हरकत आहे. हा भाग कोणी वापरत नाही, हे आपल्याला ठाऊक नाही. आपण विचारलं आणि कोणी बोललं नाही, एवढंच ठाऊक आहे. तो मी सांभाळीन. मला तो पूर्ण कळत नाही, शिकावा लागेल. अच्युत सबनीस."

बोट बटणावर थांबतं. 'कळत नाही' हे शब्द काढावेत का? सगळ्या देशांतली माणसं वाचणार. ते तसेच ठेवतात, आणि पाठवून देतात. या वयात कोणी सांगितलं होतं? आपण गेल्यावर हे कोणाच्या गळ्यात पडणार?

रुटा जागेवरच असावी. उत्तर लगेच येतं. "ठीक आहे. ठेवते. सांभाळणारे म्हणून तुमचं नाव घालते. एक शंका आहे: चित्र पडद्यावर ठेवायच्या आधी मगदूम त्या भागात मधेच क्षणभर थांबतात, ते कशासाठी? मला कधी उलगडलं नाही. तुम्ही सांगाल?"

अच्युतरावांना ते माहीत नाही. जिनपालांनी एकदा लांबलचक लिहून सांगितलं होतं, आणि यांनी लिहिलं होतं, हं, बरोबर.

"काय म्हणते ती?" कुमुदताई आतून विचारतात.

ते उत्तर द्यायला तोंड उघडतात. खरखर तेवढी होते, शब्द उमटत नाही. कांडी दुसऱ्या गालात सरकवून ते जिनपालांचं लिखाण उघडतात आणि अगदी वरच्या ओळीपासून, एकेका शब्दाखाली बोट धरत, वाचायला लागतात. कळत नाही. ते पुन्हा पहिल्या ओळीवर येतात. घसा जळतोच आहे.