वाऱ्याला बांध

आमचे साडू एका थंड देशात राहतात. हिवाळ्यात पहाटे उठून ते घरापुढचा लांबलचक रस्ता ट्रॅक्टरने साफ करतात आणि त्याचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकतात. पांढराशुभ्र बर्फ, लालभडक ट्रॅक्टर, डोक्यावर कानटोपी. लगेच खाली हात जोडल्याची चित्रं, फुलं, 'किती हो कष्ट!' सासूबाई तर 'जपून रे बाबा' म्हणून आवाजी निरोप धाडतात.

मीही एकदा व्हिडिओ टाकला. ट्रॅक्टर तसाच, रस्ता तसाच लांब, बाजूला ढीगही तसेच. फक्त बर्फाच्या जागी वाळू, आणि कानटोपीच्या जागी घामाने थबथबलेलं फडकं. बर्फाला निदान आपणहून वितळायची अक्कल असते, वाळूला तेवढीही नसते, असं त्याखाली लिहिलंही होतं. उत्तर एकच आलं, मेहुण्याचं: 'कॅमेऱ्यात काही बिघाड आहे का? सगळं पिवळं दिसतंय.' मुलीने फोन बघून परत दिला आणि म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट सँड." मी गुपचूप जेवायला बसलो.

तर हे जस्ट सँड उपसणं हा माझ्या नोकरीचा एक भाग आहे. मी सिव्हिल इंजिनिअर. राहतो कुवेतमधल्या मंगफला आणि रोज पाऊण तास गाडी हाकून वाळवंटातल्या आमच्या कंपनीच्या यार्डावर जातो. तिथे मोठमोठे पाइप रचून ठेवलेले असतात. हमरस्त्यापासून यार्डाच्या फाटकापर्यंत दोन किलोमीटरचा आमचा स्वतःचा रस्ता आहे. रस्ता म्हणजे काय, कंपनीच्या नकाशात आहे म्हणून रस्ता म्हणायचं. वायव्येकडून वारा सुटला की दोन तासांत तो नकाशातच उरतो.

तो रोज शोधून काढायचं काम आबांचं. आबा म्हणजे आमचे ट्रॅक्टर ऑपरेटर. पन्नाशी उलटलेले, वेंगुर्ल्याकडचे, बायकोमुलं गावी आणि स्वतः सतरा वर्षं कंपनीच्या कॅम्पात. पुढे बकेट लावलेला जुना ट्रॅक्टर घेऊन ते उजाडायच्या आत निघायचे आणि माझी गाडी पोचेपर्यंत रस्ता मोकळा करून चहा पीत बसलेले असायचे. त्यांची रीत साधी होती. उचललेली वाळू ते वाऱ्याच्या पलीकडच्या अंगाला टाकत आणि तिचा ढीग न करता पातळ पसरवून देत. त्यामुळे रस्त्याची कड कायम विस्कटलेली दिसायची.

हे विस्कटलेलं आमच्या मुदीरच्या डोळ्यांत खुपलं. मुदीर म्हणजे मॅनेजर. ते कुवेत सिटीतल्या ऑफिसात बसतात आणि वर्षातून दोनदा यार्डाला पाय लावतात. गाडीची काच चार बोटं खाली करून ते म्हणाले, "हे असं अस्ताव्यस्त का? काहीतरी इंजिनिअरिंग करा."

झालं! मला काय, उधाणच आलं. मी निफाडकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. बांध ही आमच्या घराण्याची खानदानी विद्या. आमच्या आजोबांनी आणि त्यांच्या सख्ख्या भावाने एका बांधापायी सव्वीस वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. तेव्हा मी नकाशा काढला, त्यावर लाल रेघ ओढली आणि आबांना बोलावून सांगितलं, "वाऱ्याच्या अंगाला, रस्त्याच्या कडेला लागून, छातीएवढा बांध घालायचा. सलग. वाळू अलीकडे येतेच कशी बघतो."

आबांनी नकाशा उलटा धरला, मग सुलटा धरला. म्हणाले, "सायबानू, बांध पाण्याक घालतत. वाऱ्याक कोण घालता?"

"अहो आबा, तत्त्व एकच."

"आमच्या गावात दर्यावर एकान दगडांचो गडगो घातल्यान. वाळू येता म्हणान. दोन वर्सांत गडगो खय गेलो, तो अजून सापडूक नाय." मग मला नीट कळावं म्हणून हाताने दाखवत म्हणाले, "वारो धावता तवसर वाळू धावता. वारो थकलो काय वाळू थयच बसता. तुम्ही वाऱ्याक दमवलात तर तो सगळा ओझा रस्त्यातच टाकतलो."

आता इतकं स्वच्छ मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. पण सांगणारा सातवी पास आणि ऐकणारा बी. ई., त्याला कोण काय करणार! मी म्हणालो, "आबा, तुम्ही समुद्राकाठची माणसं. बांध आम्हाला शिकवू नका." त्यांनी मान हलवली आणि ट्रॅक्टर सुरू केला.

तीन आठवड्यांत बांध उभा राहिला. देखणा, सरळ, दोन किलोमीटर. मी त्याच्यासमोर उभा राहून फोटो काढला आणि ईमेल लिहिली: मी पाहणी केली, मी आराखडा केला, मी अंमलबजावणी केली. मुदीरने 'एक्सलंट' असं उत्तर धाडलं आणि तीच मेल वर मोठ्या साहेबांकडे सरकवली, त्यात 'मी'च्या जागी 'आम्ही' घालून. घरी बायकोला फोटो दाखवला तर ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "वाऱ्याला बांध? आणि उन्हाला काय, कुंपण घालणार?" मी तिला म्हटलं, तुला यातलं कळत नाही. पंधरा दिवस वारा पडलेला होता, रस्ता आरशासारखा स्वच्छ. मी रोज गाडीतून बांधाकडे कौतुकाने बघत यायचो.

मे उजाडला. आबांच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं होतं. रविवारी सकाळी साडेअकराचा मुहूर्त, आणि आबांचं विमान गुरुवारी संध्याकाळी. रजेच्या अर्जावर मी सही केली होती. इथे आता नुसती रजा पुरत नाही, देशाबाहेर पडायला कंपनीने मोबाइलवरून एक्झिट परमिट मंजूर करावं लागतं. तेही मुदीरने करून दिलं होतं. आबांनी बॅग भरली. दोन वर्षांपूर्वी घेतलेली साडी त्यांनी मला तीनदा दाखवली. "तिका ह्यो रंग आवडता," प्रत्येक वेळी तेच सांगायचे. मुलीला भेटून त्यांना अडीच वर्षं झाली होती.

मंगळवारी दुपारी आकाश नारिंगी झालं आणि तोज सुरू झाली. तोज म्हणजे इथलं धुळीचं वादळ. ती बुधवारी रात्रीपर्यंत थांबली नाही.

गुरुवारी सकाळी हमरस्त्यावरून वळलो आणि गाडी तिथेच उभी करावी लागली. बांध जागच्या जागी होता, एकही ढेकूळ हललेलं नव्हतं. त्याच्या पलीकडे वाळवंट साफ झाडून काढल्यासारखं. आणि अलीकडे, बरोब्बर माझ्या रस्त्यावर, कंबरेएवढी वाळू. वारा बांध चढून आला, दमला, आणि आबा म्हणाले होते तसंच सगळं ओझं खाली ठेवून निघून गेला. दोन किलोमीटर, सलग. आबा ट्रॅक्टर घेऊन पहाटे तीनपासून लागले होते आणि जेमतेम दोनशे पावलं पुढे सरकले होते. मला बघून त्यांनी हात केला. 'सांगितलं होतं' वगैरे एक अक्षर नाही.

तेवढ्यात मुदीरचा फोन आला. रविवारी दुपारी पाइप घेऊन दहा ट्रेलर यायचे होते. रस्ता बंद आहे हे त्यांना पहारेकऱ्याकडून आधीच कळलं होतं. इंग्रजीत ओरडून विचारलं, "हे झालं कसं?"

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "सर, तिथे एक बांध घातला गेला होता."

घातला गेला होता. कर्मणी प्रयोग. शाळेत बाईंनी छडी घेऊन शिकवला, तेव्हा वाटायचं याचा आयुष्यात उपयोग काय. बघा ना! शाबासकी घ्यायची होती तेव्हा चांगला कर्तरी होतो मी. मी पाहिलं, मी केलं, मी बांधलं. आणि आता वाक्यातून कर्ता असा पसार झाला की हुडकून सापडेना. मुदीरने एक क्षण विचार केला आणि रिकामी जागा आपल्या मनाने भरली. "तो ऑपरेटर? स्वतःच्या डोक्याने? मग तोच उपसेल. रस्ता उघडल्याशिवाय कुणी कुठे जात नाही. त्याचं परमिट मी रद्द करतो, तिकीट पुढच्या आठवड्याचं करा."

बोलायला मला चांगली दहा सेकंदं होती. मी बोललो नाही. फोन बंद झाला.

गाडीत एसी लावून मी दोन तास बसलो. खरं सांगायचं, फक्त दोन शब्द सांगायचे होते, 'बांध माझा'. त्यासाठी मी मनातल्या मनात इंग्रजीत अशी काही वाक्यं रचली की विचारू नका. घराचं भाडं, मुलीच्या शाळेची फी, व्हिसा, सगळं त्यांत बसवून पाहिलं. समोर आबा उन्हात बकेट भरत होते, रिकामी करत होते. शेवटी लाज वाटली म्हणून फोन लावला, तर मुदीर मीटिंगमध्ये. तीन वाजता त्यांनी उचलला. मी एका दमात सांगितलं: बांध मी घातला, माणूस नको म्हणत होता, त्याला जाऊ द्या, मुलीचं लग्न आहे.

ते म्हणाले, "परमिट सकाळीच रद्द केलंय. दुसरा ऑपरेटर आहे का तुमच्याकडे? नाही ना? मग ट्रेलर आत घ्या आणि सोमवारी पाठवा त्याला." आणि मग, अगदी आपुलकीने, "आणि हे सगळं लिहून बिहून पाठवू नका. ती मेल मी वर पाठवली आहे." म्हणजे खरं बोलून मी ज्याची गैरसोय केली असा एकच माणूस निघाला, आणि तो माझा मॅनेजर.

आबांना सांगायला मी वाळूतून चालत गेलो. ट्रॅक्टर बंद करून ते खाली उतरले. मी म्हणालो, "आबा, मुदीरने परमिट रद्द केलं. मी खूप सांगून पाहिलं." दोन्ही वाक्यं खरी होती. मधलं जे होतं ते मी गिळलं.

ते चाकाला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "माझा काय, मी सोमवारी जाईन. लगीन सोमवारी नाय हा." आणि फडक्याने तोंड पुसलं. तोंड पुसायला त्यांना फार वेळ लागला. मी दुसरीकडे बघत उभा राहिलो. मग ते परत ट्रॅक्टरवर चढले, कारण रस्ता त्यांच्याशिवाय कोण उघडणार होतं?

शुक्रवार, शनिवार ते ट्रॅक्टरवरच होते. कॅम्पातले चौघे आणि मी फावडी घेऊन मागे. माझ्या हातांना फोड आले, याचं मला बरं वाटलं, इतका मी मूर्ख. जणू फोड मोजून कुणी मला माफ करणार होतं.

रविवारी सकाळी नऊ वाजता, म्हणजे गावी साडेअकरा, आबांनी ट्रॅक्टर बंद केला. पाऊण रस्ता उघडला होता. त्यांनी फोन स्टिअरिंगला टेकवून उभा केला आणि मला वर बोलावलं. पायरीवर एक पाय ठेवून मी लोंबकळत उभा राहिलो. पडद्यावर मांडव, गर्दी, आणि माणसांच्या खांद्यांवरून दिसणारा अंतरपाट. कन्यादान त्यांचा धाकटा भाऊ करणार होता. आबांनी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. कॅम्पच्या स्वयंपाकघरातले तांदूळ, हळद लावून पिवळे केलेले. निम्मे माझ्या हातावर ठेवले. मंगलाष्टकं तुटक तुटक ऐकू येत होती. प्रत्येक 'सावधान'ला आम्ही दोघं त्या मोबाइलवर अक्षता टाकत होतो आणि त्या पेडलवर, आमच्या बुटांवर पडत होत्या. आबा रडत होते, आणि नुसते रडत नव्हते, पडद्यावर बोट ठेवून मला कोण कोण ते सांगतही होते.

हार घालून झाल्यावर भावाने फोन नवरीसमोर धरला. ती वाकून नमस्कार करू लागली तेव्हा आबांनी फोन माझ्याकडे वळवला. "हे आमचे सायब," ते म्हणाले. "माझ्यासाठी मुदीराबरोबर भांडलेले ते हेच. दोन दिस फावडा घेऊन उभे हत."

मुलीने डोळे पुसले आणि नीट माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "काका, बाबांनी सांगितलं मला सगळं. तुमचे उपकार नाही विसरणार मी." आणि तिने नवऱ्याला खुणेने जवळ बोलावलं, तो मुंडावळ्या सावरत आला, आणि भर मांडवात दोघांनी वाकून मला नमस्कार केला.

आबा माझ्याकडे बघत होते. मी हात वर केला आणि म्हणालो, "सुखी राहा."