चकचक मावशींचा शेवटचा हात

प्रयोगशाळेत त्यांना सगळे चकचक मावशी म्हणत, आणि मावशींनाही ते नाव मनापासून आवडे. नवरा गेल्यावर त्या इथे काचसामान धुवायला लागल्या, त्याला तीन वर्षं झाली. तिथं संशोधन करणाऱ्या मॅडम मक्याच्या स्टार्चची खळ शिजवत, तिच्यात लवंगेचं तेल घालत आणि मावशींनी पुसलेल्या काचेवर ती पातळ ओतत. वाळली की प्लास्टिकसारखी फिल्म अलगद सोलून निघे. तिच्यात गुंडाळलेल्या पावाला आठ-आठ दिवस बुरशी धरत नसे. मावशी शेजारणींना सांगत, “आमची फिल्म!” आता बोला.

सोमवारपासून बेकरीचे पाव ह्याच फिल्ममध्ये विकायला जायचे होते. शेवटची एक चाचणी राहिली होती. तुलनेची बिनतेलाची कोरी फिल्म मॅडम एरवी प्लास्टिकच्या ताटात ओतत. ताट तडकलं, म्हणून या खेपेला तीही काचेवरच ओतली.

सकाळी मॅडमनी जंतू वाढवलेल्या बशा उजेडात धरल्या. लवंगतेलाच्या फिल्मच्या तुकड्याभोवती जंतू मेले होते. कोऱ्या तुकड्याभोवतीही तेवढेच मेले होते.

“कोऱ्या फिल्ममध्ये तर तेलच नाही! मावशी, काच कशानं धुतलीत?”

“साबणानं.”

एवढ्यावर गप्प बसल्या असत्या तर नोकरी वाचत होती. पण चाचणीतला पाव त्यांनी मागच्याच आठवड्यात नातीला खाऊ घातला होता, आणि सोमवारी तो गावभर जाणार होता.

“आणि मग फरशीचं जंतुनाशक,” त्या कशाबशा बोलल्या. “शेवटचा हात. तो पुसून नाही टाकत मी.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

तीन वर्षांचं काम एका फडक्यानं पुसलं गेलं होतं.

“अहो, कुणी सांगितलं होतं तुम्हाला?”

“तुम्हीच की!” मावशींना रडू फुटलं. “म्हणालात, काचेवर जंतू औषधालासुद्धा सापडता कामा नये. मला वाटलं, औषध लावायचं.”

मॅडमनी तोंडावर हात धरला. मग त्यांनी बेकरीला फोन लावला.

“सोमवारचं रद्द करा,” त्या म्हणाल्या. “आमची फिल्म अजून झालेलीच नाही.”