माझा मंगळवारचा सोमवार

रजेचा चौथा दिवस. कळस, तालुका इंदापूर. दुपारचं जेवण. माझ्या पलटणीतल्या संपतच्या आईनं उजनीच्या चिलापी माशाचा रस्सा वाढायला घेतला आणि मी ताटावर हात आडवा धरून म्हणालो, "आई, नको. माझा आज सोमवार आहे."

वार मंगळवार होता.

शेजारी बसलेल्या माझ्या बायकोचा, शालनचा, घास हातातच राहिला. संपतचे वडील, तात्या, तांब्या खाली टेकवून भिंतीकडं बघू लागले. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, शेजारी युनिफॉर्ममधला संपत. त्या घरात दुसऱ्या जातीच्या पाहुण्यानं जेवण नाकारलं की त्याचा वेगळा अर्थ निघतो, आणि तो अर्थ आई-तात्यांनी आयुष्यात पुष्कळदा गिळलेला होता. हे मला बोलून झाल्यावर कळलं.

खरं कारण त्याहून लाजिरवाणं होतं. पिठलं, भाकरी, वरण आणि बटाटा, एवढ्यावर पोसलेला मी माणूस. वांगं बुळबुळीत, दोडका पाणचट, माशाचं तर नावच नको. गावी, जळोचीत, आधी माझी आई आणि मग शालन माझ्यासाठी वेगळं करायच्या. फौजेत वेगळं कोण करणार? तिथं मी सोमवार शोधून काढला. लंगरमध्ये नको ते शिजलं की माझा उपास.

संपत माझ्या सेक्शनमध्ये लान्सनायक होता. मी हवालदार, म्हणून मला उस्ताद म्हणायचा. नव्वदीतल्या एका हिवाळ्यात आमची काश्मीरमधली पोस्ट बर्फानं बंद झाली. राशनमध्ये डब्यातले मासे आणि शक्करपारे उरले. मी वायरलेस सेटवर विचारलं, "भाजी कधी? ओव्हर."

"मौसम साफ झाला की. आउट."

संपतनं आईनं दिलेल्या काळ्या मसाल्यात मासे परतले. सगळे तुटून पडले. मी शक्करपारे चावत बसलो.

"उस्ताद, ह्यो कसला सोमवार? काल बी हुता, आज बी हाय." असं म्हणून त्यानं स्वतःच्या वाटणीचे शक्करपारे माझ्या खिशात कोंबले. "आमच्या आईच्या हातची चिलापी खावा एकदा. मग बघतो तुमचा सोमवार."

"खाईन. शब्द."

बर्फ वितळलं. आम्ही दोघंही खाली उतरलो. पुढच्या उन्हाळ्यात गस्तीच्या तुकडीवर फायर आला. सेटवर ऐकू आलं, "एक कॅज्युअल्टी." मग नाव आलं.

तो शब्द पाळायला मी कळसला आलो होतो, आणि तोंडातून सोमवार बाहेर पडला होता.

"आई, खोटं बोललो," मी म्हणालो. "उपास नाही. मला मासा खायची भीती वाटते."

आई माझ्याकडं बघतच राहिल्या. मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "अगं बया! म्हंजी ते सोमवारवालं उस्ताद तुमीच व्हय? संपत सांगायचा, आमच्या उस्तादाला आठवड्यातनं सात सोमवार येत्यात!"

तात्यांच्या मिशा हलल्या. "डोकं वाढ त्यास्नी. संपतचं असायचं त्ये."

डोकं आलं, डोळ्यासकट. इन्स्पेक्शनला आलेल्या कर्नलसाहेबांसारखा तो डोळा माझ्यावर रोखलेला. मी श्वास धरला आणि घास घेतला. आधी मसाला लागला, तोच, पोस्टवर नुसत्या वासानं ओळखलेला. मग लसूण. मग मऊ, गोडसर मासा. मी श्वास सोडला. काटा टोचला, तर आई म्हणाल्या, "घाई नका करू. जिभंनं हुडकायचा, चिमटीनं काढायचा." जमलं. दुसरी वाटी मी मागून घेतली. तिसऱ्या वाटीला तात्या म्हणाले, "सुटला म्हणायचा सोमवार!"

संपत गेल्यापासून त्या चुलीवर चिलापी शिजलीच नव्हती, हे आईंनी मसाल्याचा डबा शालनच्या पिशवीत घालताना सांगितलं.

निघताना संपतच्या फोटोसमोर सावधान उभा राहिलो. सॅल्यूट केला. हाताला अजून रश्शाचा वास येत होता.

बारामतीच्या एसटीत शालन मसाल्याची पिशवी मांडीवर धरून बसली होती. उतरायच्या बेताला आलो तेव्हा म्हणाली, "उद्या वांगी करते. बुधवार हाय, ध्यानात ठिवा."