विहिणीसाठी मानाचा शब्द

कस्तुराबाईचा रविराज रशियातल्या एका कारखान्यात मशिनी बसवायला गेला आणि तिथलीच लेना त्याच्या मनात भरली. लग्न मात्र कवठे येमाईत करायचं ठरलं. लेनाची आई तमारा लेकीबरोबर येणार होती. तिचा नवरा वारलेला, आणि रशियनशिवाय दुसरी भाषा तिला येत नव्हती.

घरात बैठक बसली तेव्हा दीर बापूसाहेबांनी कामं वाटून दिली. मंडप, आचारी, गाड्या सगळं झालं. मग बायकोकडं बघत घसा खाकरून ते म्हणाले, "वैनी, पाहुण्या दारात आल्या की भाकरतुकडा आमची अनुपमा ओवाळंल. तुम्ही जरा मागं थांबा. तिला इंग्रजी येतं."

"त्या बाईला येतं का?" कस्तुराबाईनं विचारलं.

बापूसाहेब गडबडले. इंग्रजी हे निमित्त होतं, हे बैठकीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. नवरा गेल्यापासून कस्तुराबाईच्या हातात कुणी ओवाळायचं ताट दिलं नव्हतं. पुतणीच्या साखरपुड्यात तिनं स्वयंपाकघराच्या दारातूनच पाहिलं होतं. पण हे तिच्या लेकाचं लग्न होतं.

"नवरा तर तिलाबी न्हाई," ती म्हणाली. "मग तिलाबी येशीतनंच माघारी लावायची का भाऊजी?"

"तसं न्हाई वो. पण तोंडातनं शब्द तर फुटाय पायजे. काय बोलणार तुम्ही तिच्याशी?"

"बोलंन की."

संध्याकाळी तिनं लेकाला फोन लावला. रविराज म्हणाला, "आई, 'प्रिव्येत' म्हण. सोपं हाय."

"म्हंजी काय?"

"मैतरनीला म्हणत्यात. आपलं 'काय गं' म्हणतो ना, तसं."

"पहिल्या भेटीला विहिणीला 'काय गं' म्हणू? मानाचं सांग."

मानाचा शब्द लेनानं स्वतः सांगितला. झ्द्रास्त्वुय्त्ये. धडधाकट राहा, असा त्याचा अर्थ. अर्थ कस्तुराबाईला आवडला, पण शब्द तोंडात मावेना. 'झदरा' म्हणून ती अडायची आणि पडद्यावरची लेना हसून मान हलवायची. झ आणि द यांच्यामध्ये थांबायचं नव्हतं, आणि कस्तुराबाईची जीभ नेमकी तिथंच थांबत होती.

शेवंती तोडतानाही तिचं तेच चाललेलं. शेजारच्या ओळीतून सोजरबाईनं डोकं वर काढलं.

"कस्तुरे, फुलं तोडतीस का म्हशी हाकतीस?"

"विहिणीला रामराम घालतीय."

"असला रामराम ऐकला तर ती इमानातनं उतरायची न्हाई!"

"उतरंल. आन् तुझ्यासमोर उतरंल."

मग एके दिवशी ती पाठीवर पंप घेऊन औषध फवारत होती. पंपाची मोटर झ्झ्झ करत होती. कस्तुराबाईनं त्या आवाजात आपला आवाज मिसळला आणि मध्ये न तोडता तसाच पुढं ढकलला. झ्झ्झ्द्रास! ती जागीच उभी राहिली. पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा जमलं. 'त्वुय्त्ये'ची शेपटी मग ओठ गोल करून आपोआप लागली. एकाच झाडावर औषध पडत राहिलं, तरी तिला भान नव्हतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी गाडी अंगणात येऊन थांबली. रविराज आणि लेना उतरले. मागून डोक्याला रुमाल बांधलेली, धिप्पाड तमारा उतरली. उंबऱ्यावर अनुपमा ताट घेऊन उभी होती. ताटात भाकरीचा तुकडा, पाण्याचा तांब्या आणि दृष्ट काढायला मीठ. तुकडा पाहुण्यांवरून ओवाळून लांब टाकायचा, म्हणजे वाटेतली इडापिडा त्याच्याबरोबर जाते.

कस्तुराबाई मागून पुढं आली. "अनुपमा, ताट दे."

अनुपमानं नवऱ्याकडं पाहिलं. बापूसाहेबांनी मान हलवली, नको म्हणून. तरी अनुपमानं हळूच ताट जावेच्या हातात दिलं.

"झ्द्रास्त्वुय्त्ये," कस्तुराबाई खणखणीत आवाजात म्हणाली.

तमाराचे डोळे मोठे झाले. ती भराभरा काहीतरी बोलली. त्यातला कस्तुराबाईला फक्त पहिला शब्द कळला, कारण तो तिचाच होता. तिनं तुकडा मोडून दोन केले, त्यातला एक विहिणीवरून ओवाळला आणि टाकायला हात लांब केला. तेवढ्यात तमारानं तिचं मनगट धरलं, तुकडा काढून घेतला, मिठाला लावला आणि तोंडात टाकला.

"अगं बाई!" सोजरबाई ओरडली.

"आई," रविराज घाईनं म्हणाला, "तिकडं पाहुण्याला भाकरी आन् मीठ देऊनच घरात घेत्यात. त्यांना वाटलं…"

"इडापिडा खाल्ली की त्यांनी!" बापूसाहेब पुढं आले. "म्हणूनच सांगत व्हतो वैनी, तुम्ही नका म्हणून. ठेवा ते ताट. अनुपमा परत ओवाळंल."

तमारा चावता चावता थांबली. एकेकाच्या तोंडाकडं बघू लागली. आपलं काय चुकलं, हे तिला कळेना.

कस्तुराबाईनं ताटातला दुसरा तुकडा उचलला, मिठाला लावला आणि तिच्याकडं बघत खाल्ला. मग पदरानं तोंड पुसून दिराकडं वळली.

"काय आसंल नसंल ती इडापिडा आता आमच्या दोघींच्या पोटात हाय. तुम्ही खुशाल आत या."

आणि विहिणीचा हात धरून ती उंबरा ओलांडून आत गेली.