पालखीचा पहिला खांदा

देवीच्या पालखीला पहिला खांदा कोणी लावायचा, यावरून माझे बाबा आणि पलीकडच्या वाडीतले काका कोर्टात गेले. काका म्हणजे बाबांचे शाळेपासूनचे दोस्त. दावा लागला तशी गावाची जत्रा थांबली, आणि जत्रेतलं दशावतारी नाटकही. मी शाळेत होते ती नोकरीला लागले, तरी दावा हलेना. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. हे दोघे ती चढायला कायम तयार.

मग एका तारखेला वादीही गैरहजर आणि प्रतिवादीही, म्हणून दावा काढून टाकला गेला. कारण आमच्याच लोकांना शोभेलसं होतं. आदल्या रात्री शेजारच्या गावात दशावतार होता. दोघेही नाटक संपून सकाळी दहीहंडी फुटेपर्यंत बसले, आणि घरी येऊन घोरत पडले.

वकील म्हणाले, "मुदतीत अर्ज द्या, दावा पुन्हा फायलीवर येईल." बाबांनी अर्ज तयार करून आणला. सही तेवढी राहिली होती. मी चिडले.

"बाबा, दावो जितो झालो तर आपली जत्रा मेलीच. तुमका काय व्हया तां सांगा."

बाबांनी अर्जाची घडी घालून तो बाजूला ठेवला. मग म्हणाले, "त्या रातीक तो माझ्या फुडेच बसलेलो. हसवणारो शंकासुर इलो की अजून तसोच हसता, खोकलो येयसर."

सही झालीच नाही. गुरवाने देवीला कौल लावला, उजवी पाकळी पडली, म्हणजे देवीचा होकार, आणि जत्रा ठरली.

जत्रेच्या दिवशी देवीपुढे गाऱ्हाणं घालून झालं, सगळ्यांनी 'होय म्हाराजा' म्हटलं, आणि पालखीपाशी येऊन सगळे अडले.

काका म्हणाले, "तू लाव रे पयलो."

"माजो हात वर जायना," बाबा म्हणाले. "तूच लाव."

"माजी कंबर गेली. उभो रवलंय ह्यां काय कमी?"

लोक हसले. ज्या मानासाठी दोघांनी एवढी वर्षं एकमेकांशी बोलणं टाकलं, तो मान समोर होता, आणि उचलायला खांदेच उरले नव्हते. शेवटी वाडीतल्या पोरांनी पालखी उचलली. पहिला कोण होता ते कोणी पाहिलंही नाही. बाबांनी काकांच्या दंडाला धरलं, आणि दोघे सावकाश तिच्या मागून चालू लागले.